कड्याचं नवं नाव

एका जंगलात, मुलांनो, एक कडा होता. घाबरू नका, आपण त्याच्यापासून पुष्कळ लांब बसलो आहोत. तरी ज्यांना सारखं पुढे सरकायची सवय आहे त्यांनी जरा मागे व्हा. मला बरं वाटेल.

कड्याच्या अलीकडे मऊ गवत होतं आणि पलीकडे काहीच नव्हतं. सकाळी धुकं असं पडायचं की गव्याला स्वतःचे पाय दिसत नसत.

म्हणून कड्याच्या टोकावर टिटवी बसायची. हे काम तिला कुणी दिलं नव्हतं. तिला भीती वाटायची, एवढंच. पान गळलं तरी ती दचकायची. आभाळ कोसळेल म्हणून पाय वर करून झोपायची. धुक्यात खुरं वाजली की ती ओरडायची, "कडा, कडा, कडा." सगळे जागच्या जागी थांबायचे. तिची चेष्टा करायचे, पण थांबायचे.

"टिटवे, जरा दम खा गं," गवा म्हणायचा.

"तुम्ही आधी मागे व्हा, मग खाते," टिटवी म्हणायची.

असं छान चाललं होतं. मग राघोपंत परत आले.

राघोपंत म्हणजे पोपट. शहरातल्या एका बंगल्याच्या गॅलरीत पिंजऱ्यात राहून आले होते. पण 'पिंजऱ्यात होतो' असं ते कधी म्हणत नसत. 'इंग्लिश मीडियमला होतो' म्हणत.

जंगलाचे राजे अस्वलमहाराज होते. त्यांनी राघोपंतांना बोलावून घेतलं.

"काय शिकून आलात?"

"महाराज, आपल्याकडे सगळं आहे, पण नावं फार गावठी. आता हा कडा. कडा काय, कडं काय, हातात घालायची वस्तू वाटते."

"मग काय म्हणतात त्याला?"

"ब्लफ. असा उंच, रुंद, सरळसोट खाली गेलेला कडा असला की त्याला ब्लफच म्हणतात."

महाराजांनी तो शब्द मधासारखा तोंडात घोळवला. "ब्लफ. वा. बोलताना ओठांनाही काहीतरी केल्यासारखं वाटतं."

लगेच दवंडी पिटली गेली. उद्यापासून कड्याला ब्लफ म्हणायचं. कडा म्हणेल त्याला मधाच्या पोळ्याजवळ यायला बंदी.

टिटवी भीत भीत पुढे आली. "महाराज, घाईत तो शब्द तोंडात येईल का?"

"सराव कर. येईल."

बिचारी दिवसभर सराव करत बसली. बफ. लफ. ब... ब्लफ.

आता मुलांनो, एक गोष्ट महाराजांना ठाऊक नव्हती. माकडांकडे पत्त्यांचा एक जोड होता. सहलीला आलेली माणसं तो विसरून गेली होती. वडाखाली रोज डाव रंगायचा. पत्ते पालथे टाकायचे, तोंडानं 'तीन राजे' म्हणून ठोकून द्यायचं, आणि समोरच्याला पटलं नाही की त्यानं म्हणायचं, 'ब्लफ'. म्हातारा हुप्पाजी वानर हा खेळ सगळ्यांना शिकवायचा. त्यामुळे कोल्ह्यापासून गव्यापर्यंत प्रत्येकाला तो शब्द चांगला येत होता. दवंडी काहीही म्हणो, त्यांच्या लेखी त्याचा अर्थ एकच. हा थाप मारतोय, ऐकू नका.

महाराज पत्ते खेळत नसत. त्यांना कुणी हरवायला धजत नसे, म्हणून त्यांनाच कंटाळा यायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी महाराज नव्या नावाचा कडा बघायला निघाले. धुकं दाट होतं. टिटवीनं पावलं ओळखली आणि ती ओरडली, "ब्लफ, महाराज, ब्लफ."

"शाब्बास," महाराज पुढे येत म्हणाले. "उच्चार सुधारलाय. आता शेवटचा फ जरा मोकळा सोडून म्हण."

"ब्लफ्फ."

"नाही, इतका नाही. ओठ असे ठेव," असं म्हणून महाराजांनी ओठ दाखवायला आणखी एक पाऊल टाकलं. आणि ते दिसेनासे झाले.

थांबा, थांबा. पडले नाहीत. कड्याच्या पोटातून एक उंबराचं मूळ बाहेर आलं होतं, त्याला लटकले. मूळ जुनं होतं आणि महाराज जाड होते.

टिटवी उडत वडाखाली आली. "चला लवकर. महाराज ब्लफवर लटकलेत."

हुप्पाजीनं पत्त्यांतून मान वर केली नाही. "कशावर?"

"ब्लफवर. अहो, ब्लफ आहे, खरंच ब्लफ आहे."

"बघा," हुप्पाजी म्हणाला, "स्वतःच कबूल करतेय."

"इतकी प्रामाणिक थाप मी बघितली नव्हती," गवा म्हणाला. "पान टाक."

तेवढ्यात राघोपंत धापा टाकत आले. "ती खरं सांगतेय. मी डोळ्यांनी पाहून आलोय. पूर्णपणे ब्लफ."

"आता दोघं मिळून थापा मारायला लागले," कोल्हा म्हणाला आणि त्यानं आपले पत्ते छातीशी धरले.

राघोपंत समजावू लागले. शब्दाची व्युत्पत्ती सांगू लागले. इतक्यात कड्याकडून मूळ तडकल्याचा आवाज आला. कर्रर्र.

टिटवी अशी दचकली की दिवसभर घोटलेला शब्द तिच्या तोंडातून उडूनच गेला. "कडा," ती किंचाळली. "कडा, कडा, कडा."

गवा ताडकन उभा राहिला. पत्ते विखुरले. सगळे कड्याकडे धावले आणि टोकाच्या अलीकडे बरोबर थांबले. माकडांनी वेल खाली सोडली. गव्यानं दुसरं टोक शिंगांना गुंडाळून मागे मागे जायला सुरुवात केली. धुक्यातून आधी दोन कान वर आले, मग महाराज.

महाराजांनी अंगावरची माती झटकली. सगळे आपल्याकडे बघताहेत हे त्यांच्या लक्षात आलं.

"बरं झालं आलात," ते म्हणाले. "मी काही पडलो नव्हतो. तुम्हाला यायला किती वेळ लागतो ते बघत होतो. परीक्षा होती ही."

"ब्लफ," हुप्पाजी म्हणाला. खेळायच्या सवयीनं निघून गेलं तोंडातून.

महाराजांच्या मानेवरचे केस उभे राहिले. "काय म्हणालास?"

गवा गवत निरखू लागला. टिटवीनं डोळे मिटून घेतले. राघोपंत झटकन पुढे झाले, कारण हा शब्द जंगलात कुणी आणला हे पुढच्याच क्षणी विचारलं जाणार होतं.

"महाराज," ते घाईनं म्हणाले, "त्याचा आणखी एक अर्थ आहे. बोलायला फटकळ, वागायला रांगडा, पण मनात काही न ठेवता खरं ते तोंडावर सांगणारा, असा मोठ्या मनाचा असतो ना, त्यालाही ब्लफच म्हणतात."

"असं?"

"डिक्शनरीत आहे."

महाराजांच्या मानेवरचे केस हळूहळू खाली बसले. "हुप्पाजी, पुन्हा म्हण."

"ब्लफ, महाराज."

"सगळे म्हणा."

सगळे म्हणाले. इतक्या मनापासून त्यांनी महाराजांना आजवर काहीच म्हटलं नव्हतं. तेव्हापासून दरबार याच शब्दानं सुरू होतो. महाराज बोलायला लागले की मध्येमध्येही कुणीतरी म्हणतं, आणि महाराज मान हलवतात.

राघोपंतांना भाषाप्रमुख केलं गेलं. टिटवीची मात्र चौकशी झाली.

"तू कडा म्हणालीस," महाराज म्हणाले.

"घाबरले होते, महाराज."

"घाबरलं तरी भाषा सोडू नये. या वेळी समज देऊन सोडतो."

टिटवी पुन्हा टोकावर जाऊन बसली. धुक्यात खुरं वाजली की अजून 'कडा'च ओरडते, काय करणार. महाराज ते ऐकू न आल्यासारखं दाखवतात. आणि थांबतात.

तात्पर्य : कुणाचा जीव वाचवायचा असेल तर त्याला समजेल असं बोलावं. जीव वाचला की ती सवय सोडून द्यावी.