वानगीचा खटला

लग्नघरी पंगत बसायच्या आधी गुणवंतराव होले सरळ आचाऱ्याकडे जात. वरणाचा एक थेंब तळहातावर घेत, वांग्याची एक फोड आणि बुंदीचे चार दाणे जिभेवर ठेवत, आणि मांडवाला ऐकू जाईल असा निकाल देत, "वरण पास. भाजी नापास!" वधूपिते त्यांच्यापुढे जावयापेक्षा जास्त वाकत.

शेंदूरजनाघाटला त्यांची संत्र्याची बाग होती. संत्र्याच्या बाजारात ढिगातलं एक फळ फोडून चाखायचं आणि मग भाव बोलायचा, अशी रीत आहे. त्या फळाला वानगी म्हणतात, त्याचे पैसे कुणी मागत नाही. गुणवंतरावांनी ही रीत साऱ्या जगाला लावली होती. अमरावतीला राहून ते 'चाळणी' नावाचं पुस्तकपरीक्षणाचं मासिक काढत, तेही याच न्यायानं. पुस्तकातल्या पाचदहा ओळी छापायच्या आणि खाली आपला निकाल. "फोड दाखोल्याबिगर आंबट कसं म्हनता येईन?" असं ते येईल त्याला ऐकवत.

अकोल्याच्या एका रावसाहेबांनी 'हृदयतडाग' नावाचं काव्य प्रसिद्ध केलं. गुणवंतरावांनी त्यातल्या आठ ओळी छापल्या आणि खाली लिहिलं, 'या तळ्यात म्हैस बसली तरी तिची पाठ कोरडीच राहील.' रावसाहेबांनी म्हशीबद्दल चकार शब्द काढला नाही. दावा ठोकला तो आठ ओळी परवानगीवाचून छापल्याचा. 'चाळणी'चे अकोल्यात चार वर्गणीदार होते, म्हणून दावाही अकोल्यात. त्या चौघांतला एक मी. वकिलीची सनद नुकतीच मिळाली होती आणि खोलीत अशिलांपेक्षा खुर्च्या जास्त होत्या. वकीलपत्र माझ्याकडे आलं.

मी पहिल्याच दिवशी कायद्याचं पुस्तक उघडून दाखवलं. टीकेसाठी वाजवी उतारा घेतला तर लेखकाच्या हक्काचा भंग होत नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं.

"कायदा आपल्या बाजूनं आहे," मी ऐटीत म्हणालो.

"मंग गाडीभाडं आपुन काऊन देऊन राहिलो?"

गुणवंतरावांनी विचारलं. मी पुस्तक मिटून वकीलपत्रावर त्यांची सही घेतली.

रावसाहेबांचा निरोप आला, मासिकात माफी छापा, दावा काढून घेतो. गुणवंतरावांनी उलट टपाली कळवलं, "आंबटाले मी गोड म्हननार नाही."

मग तारखा सुरू झाल्या. प्रतिवादी दोन होते, एक गुणवंतराव आणि दुसरे 'चाळणी' छापणारे इब्राहिमभाई. दोघं सकाळी अमरावतीहून निघत, बडनेऱ्याला गाडी बदलत, मूर्तिजापुराच्या सुमारास डबा उघडत आणि दुपारी कोर्टातून पुढची तारीख घेऊन परत जात. कधी न्यायाधीश दौऱ्यावर, कधी समोरच्या वकिलाच्या घरी बारसं. न्यायाधीश परप्रांतातले, त्यांना मराठी येईना, म्हणून आठ ओळींचं इंग्रजी भाषांतर मागवलं. ते मूळ कवितेपेक्षा इतकं सरस उतरलं की मीच हरकत घेतली. त्या हरकतीत आणखी दोन तारखा गेल्या. मी भलताच खुशीत होतो.

एकदा गुणवंतरावांनी भर कोर्टात खिशातून संत्रं काढलं, सोललं आणि एक फोड न्यायाधीशांपुढे धरली. "खाऊन पाहा, सायेब. आता तुमी चोर झाले काय?" दुभाष्यानं घाबरत घाबरत तेही भाषांतर करून सांगितलं. साहेबांनी फोड खाल्ली, मान डोलावली आणि पुढची तारीख दिली.

दरम्यान खटल्याच्या खर्चापायी बागेचा बहार फळं पिकायच्या आधीच झाडावर विकला गेला. मग विहिरीकडची निम्मी बाग गेली. गुणवंतरावांची मिशी मात्र तशीच वर. "बाग जाईन, चाळणी राहीन!"

अखेर शेवटच्या युक्तिवादाची तारीख आली. माझं भाषण तोंडपाठ होतं. आरशापुढे दोनदा करूनही झालं होतं. गुणवंतराव त्या दिवशी एकटेच आले आणि टेकायच्या आधीच म्हणाले, "वकीलसायेब, माफीनामा लिहा."

माझं डोकंच फिरलं. "अहो, आपण जिंकतोय!"

"तुमी जिंकून राहिले. मी बी जिंकून राहिलो. इब्राहिमभाई काय जिंकून राहिला?" त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "काल त्याच्या छापखान्यात गेल्तो. ऐन लग्नसराई, अन् मशीनवर गोणपाट. एकटा माणूस, दर तारखेले दुकान बंद, पत्रिकेसाठी लोक किती थांबतीन? समदे दुसरीकडं गेले. मी म्हनलं, सांगतलं काऊन नाही रे? तं म्हने, सांगतलं असतं तं माझ्यापायी तुमी चाळणी बंद केली असती."

मी माफीनामा लिहून दिला. इतक्या तारखांची फी घेतली, पण गुणवंतरावांच्या शेजारी बाकावर बसलेल्या त्या माणसाकडे मी एकदाही धड पाहिलं नव्हतं. मला मनापासून लाज वाटली.

पुढच्या महिन्यात 'चाळणी'चा अंक आला. पहिल्याच पानावर माफीनामा होता. ओळी वाकड्या, दोन अक्षरं उलटी. नंतर कळलं, इब्राहिमभाईंनी तो मजकूर अक्षरांचे खिळे लावून जुळवायला साफ नकार दिला होता. "खोट्यासाठी मी खिळे लावत नाही," म्हणाले. तेव्हा गुणवंतरावच दोन दिवस छापखान्यात बसले आणि एकेक खिळा शोधून त्यांनी स्वतःच्या हातानं आपली माफी जुळवली.

मजकूर सारा माझाच होता. शेवटी मात्र मी न लिहिलेल्या चार ओळी होत्या:

'या पानाची जुळणी मी केली आहे. वाकड्या ओळी माझ्या. छापणाऱ्याचे काम नेहमी चोख असते. त्याच्याकडे लग्नपत्रिका वेळेवर मिळतील.'