रायरीकर मॅडमचा पुरावा

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या रायरीकर मॅडमना पुरणपोळी वाढली, की त्या आधी तिचा फोटो काढतात. तसा हल्ली सगळेच काढतात म्हणा. पण मॅडमच्या फोटोखाली गावाचं नाव, तारीख, वेळ, नकाशातले आकडे, सगळं छापून येतं. तशी सोयच आहे त्यांच्या मोबाइलमध्ये. माझ्या होळीच्या पोळीखाली "कोथरूड, पुणे" असं आलेलं आहे. मी म्हटलं, मॅडम, पोळी काय हरवणार आहे का? तर म्हणाल्या, "काकू, खाल्ल्यावर पुरावा काय राहतो?"

त्यांचा तरी काय दोष! मॅडम विद्यापीठात शिकवतात, आणि तिथला वार्षिक अहवाल कधीपासून त्यांच्याच गळ्यात पडलाय. वर्षभरात शिकवलं काय, संशोधन काय केलं आणि बाहेर पडून लोकांसाठी काय केलं, ज्याला त्या विस्तार म्हणतात, असे त्याचे तीन भाग. आणि प्रत्येक गोष्टीला पुरावा. व्याख्यान झालं, फोटो. झाड लावलं, फोटो. मागे बॅनर हवाच. "झालं ते झालं असं नसतं, काकू. फोटोत आलं ते झालं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा म्हणे टेकडीवर झाडं लावून झाली आणि मग कळलं की बॅनर गाडीतच राहिलाय. मॅडमनी झाडं उपटून परत लावायला लावली. मी विचारलं, झाडं काही बोलली नाहीत? "त्यांनी सहकार्य केलं," म्हणाल्या. चेहऱ्यावर हसू नाही. पुण्यात जन्म गेलाय त्यांचा.

सोसायटीचाही त्या अहवालच करतात, तोंडी. खालच्या मजल्यावरच्या नव्या सुनेला मी थालीपीठ लावायला शिकवलं, ते माझं अध्यापन. भाजीवाल्याचा काटा नेहमी त्याच्याच बाजूला कसा झुकतो ते मी शोधून काढलं, ते संशोधन. लोणचं घातलं की चार घरी वाटते, तो विस्तार. "काकू, तिन्ही विभागांत तुमची कामगिरी उत्तम. कागदपत्रं तेवढी कच्ची आहेत."

आमचे हे गेल्यापासून माझी दुपार सरता सरायची नाही. मुलगा हिंजवडीला, सून हडपसरला, दोघांची तोंडं दिसायची ती रात्री. म्हणून जेवण झालं, ओटा पुसला, की मी उठून मॅडमच्या दाराची बेल वाजवायची. त्याही एकट्याच. सकाळचे तास आटोपून लॅपटॉपपुढे बसलेल्या असायच्या. दार उघडायचं, क्षणभर माझ्याकडे बघायचं, मग "या काकू" म्हणून चहाचं आधण ठेवायचं, असा रोजचा क्रम. मी बोलत सुटायची. त्या हूं हूं करत टाइप करायच्या. अशी बरीच वर्षं गेली.

एका दुपारी चहा गाळता गाळता म्हणाल्या, काकू, एक काम आहे तुमच्याकडे. सोसायटीच्या हॉलमध्ये दर गुरुवारी त्यांचे विद्यार्थी घरकाम करणाऱ्या बायकांना लिहा-वाचायला शिकवणार होते. बायका बुजतात, एखादं वडीलधारं माणूस असलं की बसतील, तर तुम्ही नुसत्या येऊन बसा. मला काय, बोलायला आणखी बायका मिळाल्या. मी गेले.

सगळ्यांपुढे पुस्तक आलं तसं माझ्याहीपुढे आलं. हात रिकामे ठेवून बसवत नाही मला. बायका गिरवत होत्या, मीही गिरवू लागले. मला विद्यार्थिनी कुणी म्हटलं नाही. मी आपली सोबतीला होते.

आता सांगूनच टाकते. मला वाचता येत नव्हतं. धाकट्या भावंडांना सांभाळायला म्हणून दुसरीतच शाळा सुटली. सही यायची, आकडे यायचे. बाकीचं हे वाचून दाखवायचे. ते गेल्यावर "चष्मा घरी राहिला" एवढ्या एका वाक्यावर मी अख्खं कोथरूड फिरत होते. सुनेलासुद्धा पत्ता लागू दिला नव्हता. तो वर्ग मिळाला आणि मग मात्र मी थांबले नाही. वर्गात अक्षरं मिळाली, बाकीचं मी बसच्या खिडकीत बसून शिकले. दुकानांच्या पाट्या पुऱ्या व्हायच्या आत बस पुढे जायची, तसा वेग आपोआप वाढला.

वर्गाचे फोटो मॅडम काढायच्याच, पण सगळे पाठीमागून. अंबाडे, वेण्या, पदर, आणि समोर बॅनर. चेहरा कुणाचा दिसणार नाही, असा पहिल्याच दिवशी त्यांनी बायकांना शब्द दिला होता. आमच्याकडे कामाला येते त्या संगीतानं घरी आपल्या सुनेला सांगितलेलं, मी सातवी पास आहे. कुणी जावयाला सांगितलेलं. माझं तर तुम्हाला कळलंच.

मग विद्यापीठाचं वर्षभराचं काम तपासायला बाहेरची समिती आली. मॅडम म्हणाल्या होत्या, वर्ग नोंदीत धरला तरच पुढच्या वर्षी विद्यार्थी येतील, नाही तर हा बंद. आम्ही सगळ्या नेहमीसारख्या बॅनरकडे तोंड करून बसलो. समितीचे साहेब मागे उभे राहून मॅडमच्या मोबाइलवरचे फोटो बघत होते.

"मॅडम, यात चेहरे कुठे आहेत?"

"पाठीच्या पुढच्या बाजूला," मॅडम म्हणाल्या.

साहेब हसले नाहीत. म्हणाले, या कोण आहेत, शिकल्या की नुसत्या बसवल्यात, काही कळत नाही. असा पुरावा चालत नाही. नावं आणि समोरून फोटो द्या, आत्ता काढलेत तरी चालतील. मला वाटलं, मॅडम आता आम्हाला वळायला सांगणार. पोळीचा पुरावा ठेवणारी बाई ती. मॅडमनी मोबाइल पर्समध्ये टाकला.

"मग वर्ग धरू नका," त्या म्हणाल्या. "पण वळायला मी सांगणार नाही."

माझ्या शेजारी संगीतानं पदर आणखी पुढे ओढला. मी गुडघ्यावर हात टेकून उठले आणि वळले. साहेबांना म्हटलं, माझं नाव लिहून घ्या. मी इथेच पहिल्या मजल्यावर राहते, आणि मी या वर्गात वाचायला शिकले. शिकले कशावरून, तर सांगते. या मॅडमच्या दारावर पाटी आहे, "दुपारी बेल वाजवू नये. अहवालाचे काम चालू असते." दिवाळीच्या सुमारास ती मी पहिल्यांदा वाचली. तोवर मी रोज दुपारी जाऊन बरोबर तिच्याच खालची बेल वाजवत होते. इतकी वर्षं. यांनी एका शब्दानं कधी पाटीकडे बोट दाखवलं नाही. चहा ठेवला. आणि मला वाचता येत नाही हे ओळखून, मला कळू न देता, या वर्गात आणून बसवलं.

मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. मी म्हटलं, काढा आता फोटो, समोरून. तर त्यांना पर्सची चेनच उघडता येईना. शेवटी तो फोटो साहेबांनी त्यांच्या मोबाइलवर काढला. बाकी कुणी मान वळवली नाही, आणि ते बरोबरच होतं. एक चेहरा पुरला. वर्ग चालू आहे.

सगळे गेल्यावर आम्ही दोघी सतरंजीची घडी घालत होतो. माझं एक टोक, त्यांचं एक. मी म्हटलं, मॅडम, पाटी वाचल्यापासून मी येत नाही. कामात किती व्यत्यय आणला हो तुमच्या.

त्यांनी घडी छातीशी धरली.

"दिवाळीनंतर बेल वाजायची थांबली तेव्हाच कळलं मला, काकूंना वाचता यायला लागलं," त्या म्हणाल्या. "अहवालात घालण्याजोगी गोष्ट होती. आनंद व्हायला हवा होता." मग सतरंजी कोपऱ्यात ठेवता ठेवता, "आधण अजून दोन कपांचंच पडतं."

पाटी त्यांनी काढलेली नाही. कुरिअरवाल्यांसाठी लागते म्हणतात. रोज दुपारी ओटा पुसला की मी त्यांच्या दाराशी जाते, ती पाटी पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचते, आणि बेल वाजवते.