गुलाबभाऊंनी बाजू बदलली

गुलाबभाऊ सिनेमा बघताना पडद्यावरच्या माणसांशी भांडतात. अहेरीला बदली होऊन मी त्यांच्या शेजारी राहायला आलो, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी भिंतीपलीकडून आवाज आला, "पोरी, गाडीत बसू नको. बापाले सांगून त जा." मी धावत गेलो. घरात भाऊ एकटेच, समोर टीव्ही.

"बसा सर," ते म्हणाले. "आता बसते पाहा गाडीत. किती खेपा सांगितलं, आयकतच नाई."

भाऊ लाकूड डेपोत मोजणीचं काम करून निवृत्त झाले. सागाचे लठ्ठे तपासायची सवय त्यांनी सिनेमालाही लावली. "पहिल्या वेळचं रडणं कच्चं," ते म्हणतात. "पाच वर्षानं पुन्हा पाहा. तरी रडू आलं, त सिनेमा पक्का." असे पक्के सिनेमे त्यांच्याकडे फक्त चार. ते चार सिनेमे गल्लीत औषधासारखे दिले जातात. समोरच्या बाईंचं जावेशी बिनसलं, तेव्हा भाऊंनी त्यांना दोन बहिणींचा सिनेमा दाखवला. बाई इतक्या मोठ्यानं रडल्या की काय झालं म्हणून जाऊच धावत आली. "गुण आला," भाऊ म्हणाले.

बापलेकीचा सिनेमा मात्र त्यांनी स्वतःसाठी ठेवला होता. लेक आपल्या मर्जीनं लग्न करून जाते, बाप तिची पत्रं न उघडता पेटीत टाकतो आणि म्हातारा होतो, एवढीच गोष्ट. तरुणपणी भाऊ लेकीच्या बाजूनं शिट्ट्या मारायचे म्हणे. मग त्यांची स्वतःची सुनीता एटापल्लीच्या एका मुलाशी लग्न करून गेली, आणि भाऊ बापाच्या पक्षात गेले. चार वर्षं तिच्याशी बोलणं नाही. हे मला समोरच्या बाईंनी सांगितलं. भाऊंनी कधीच नाही.

गेल्या उन्हाळ्यात तो सिनेमा आम्ही पुन्हा लावला. बाप पत्र पेटीत टाकतो, तिथं भाऊ नेहमी म्हणायचे, "बराबर केलं." त्या दिवशी ते पडद्याकडे वाकले. मग हळूच म्हणाले, "उघड ना बे. काऊन बसून राह्यला?"

बापानं पेटी बंद केली. भाऊंनी टीव्ही बंद केला.

"हा काई आयकत नाई," ते म्हणाले. "सर, उद्या रविवार आहे ना? गाडी काढता का?"

दुसऱ्या दिवशी भाऊ मोटरसायकलवर माझ्यामागे बसले आणि आम्ही एटापल्ली गाठली. सुनीता अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. आम्हाला बघून उभी राहिली, फुलांची ओंजळ तशीच.

"पाणी दे वो माय," भाऊ म्हणाले.

तिनं पाणी आणलं. त्यांनी पिऊन ग्लास परत दिला आणि आणखी मागितलं. तिसऱ्या ग्लासाला ती म्हणाली, "बाबा, पाणी पिऊनच जाता का? भात टाकतो मी."

"टाक."

ती आत गेली. भाऊ माझ्या कानाशी वाकले. "सर, आता काय बोलतेत? त्या सिनेमात हा भागच नाई."

"काही काम आहे का विचारा," मी म्हणालो.

ते आत गेले. आत सूप सरकवल्याचं ऐकू आलं. मग सुनीताचा आवाज आला, थोडा ओला, थोडा वैतागलेला.

"बाबा, खडे फेकाचे असतेत. तुम्ही तांदूळ फेकून राह्यले."