पहिलीतले खंडेराव गुरुजी

शिक्षण ही आयुष्यभर चालणारी प्रक्रिया आहे. शिक्षकाच्या बाबतीत ती भात लावणीला आलं की सुरू होते आणि दिवाळीच्या सुट्टीला थांबते; मध्ये दोन वेळा चहा आणि एक वेळ जेवण असतं. (जेवणात शिरा असला तर त्याला 'उद्बोधन वर्ग' म्हणतात, नसला तर नुसताच 'वर्ग'.) जो स्वतः शिकत नाही तो दुसऱ्याला काय शिकवणार, असा खात्याचा रोकडा सवाल आहे. जो सारखा शिकतच असतो तो दुसऱ्याला कधी शिकवणार, असा सवाल खात्याला अद्याप कुणी लेखी विचारलेला नाही.

खंडेराव गुरुजी संगमनेरकडचे. नोकरीच्या निमित्ताने ते पालघर तालुक्यात आले, सरावलीला चाळीत खोली घेऊन राहिले आणि बोईसरच्या पूर्वेला डोंगरातल्या एका पाड्यावरची एकशिक्षकी शाळा सांभाळू लागले. एकशिक्षकी शाळेत शिक्षक एक, वर्ग चार आणि फळा अर्धा असतो. बाकीचा अर्धा वाळवीने नेलेला असतो.

ही गोष्ट नव्वदच्या आसपासची. त्या सुमाराला 'शिक्षकांचं सक्षमीकरण' जोरात आलं होतं. मुलांना वाचता येत नाही असं एका पाहणीत आढळलं आणि उपाय म्हणून शिक्षकांना बोईसरला बोलावण्यात आलं. आदेशात शेवटी एक ओळ असे: 'शाळेची पर्यायी व्यवस्था करावी.' एकशिक्षकी शाळेत पर्यायी व्यवस्था म्हणजे कुलूप. खंडेरावांनी ती चोख केली होती. किल्ली शेजारच्या जिवल्याकडे असे, आणि पावसाची सर आली की जिवल्याच्या शेळ्या शाळेत बसत. एवढी भरगच्च हजेरी शाळेत एरवी कधी पडली नाही.

आता खंडेरावांच्या मोठेपणाचं कारण सांगायला हवं. प्रशिक्षणात 'आदर्श पाठ' नावाचा एक विधी असतो. तज्ज्ञ मार्गदर्शक फळ्यापाशी उभे राहून पहिलीचा पाठ शिकवतात, आणि समोर पहिलीतली मुलं नसल्यामुळे टक्कल पडलेले, मिशावाले, सेवानिवृत्तीला टेकलेले गुरुजीच मांडी घालून पहिलीत बसतात. बहुतेक गुरुजींना हे काम जमत नाही. तज्ज्ञांनी 'कमळ' दाखवलं की ते घाईघाईने 'कमळ' असंच म्हणतात आणि पाठ तिथल्या तिथे संपतो. मग जेवायच्या घंटेपर्यंत करायचं काय, हा मोठा शैक्षणिक प्रश्न उभा राहतो.

खंडेराव मात्र 'कमळ'ला 'कलम' म्हणत. म्हणण्याआधी छताकडे पाहत, बोट तोंडात घालत आणि शेजारच्याची पाटी बघत. तज्ज्ञांच्या मार्गदर्शिकेत ज्या पानावर मुलांची जी चूक छापली होती, त्या पानावर ती चूक ते बिनचूक करत. तज्ज्ञांचं शिकवणं त्यामुळे खुलून यायचं. बघता बघता खंडेरावांचं नाव झालं. या वर्गाहून त्या वर्गाला त्यांना मागणी येऊ लागली. तालुक्यातलं पहिलीचं सर्वोत्तम मूल म्हणून ते ओळखले जाऊ लागले. (तेव्हा त्यांचं वय सत्तेचाळीस होतं.)

या कौशल्याचे काही दुष्परिणाम झाले, ते प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजेत. घरी ते करंगळी वर करून उठू लागले. जेवताना बोट वर करून भाकरी मागू लागले. "अवो, मास्तर हायसा का पोर हायसा?" असं त्यांच्या पत्नीने, रंभाबाईंनी, एकदा विचारलं. खंडेरावांनी छताकडे पाहिलं, बोट तोंडात घातलं आणि विचार केला.

पाड्यावर सोमी नावाची मुलगी होती. शाळेच्या नियमाप्रमाणे तिसरीत. अक्षरांच्या हिशेबाने अजून पहिलीच्या दारात. दिवाळी झाली की पाड्यावरची बरीचशी घरं भिवंडीकडे वीटभट्टीवर जात, ती थेट पावसाच्या तोंडाशी परतत. म्हणजे सोमीला शिकवायचं तर पावसाळा ते दिवाळी एवढाच अवकाश. खात्यालाही शिक्षकांना शिकवायला नेमका हाच काळ सापडला होता, कारण उन्हाळ्यात तज्ज्ञांना उकडतं.

सोमीची आई नवसी जूनमध्येच गुरुजींकडे येऊन गेली होती. त्याच वर्षी वीटभट्टीवरून परतताना बोईसरच्या स्टँडवर गर्दीत सोमीची आजी चुकीच्या एसटीत चढली आणि डहाणूकडे गेली. आठ दिवसांनी सापडली, तेव्हापासून म्हातारी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नव्हती.

"गुर्जी, पोरीला निस्ती गाडीवरची पाटी वाचाया शिकवा," नवसी म्हणाली. "आमच्यात कोनाला येत नाय. बाकी काय नाय आलं तरी चालल."

"दिवाळीपर्यंत शिकवतो. शब्द देतो तुला," खंडेराव म्हणाले, आणि त्यांनी तो मनापासून दिला होता. पोरगी त्यांची लाडकी होती. आठवडाभर त्यांनी तिला गिरवायला लावलंही. मग आदेश आला. तो पुरा करून ते परतले तर दुसरा आला. दरवेळी निघताना दिलेला शब्द आठवायचा. पण बोईसरला पोचलं, "या या खंडेराव, तुमच्यावाचून पाठ अडलाय" असं कुणी म्हटलं, की तो विसरला जायचा. कौतुक कुणाला कडू लागतं? (प्रस्तुत लेखकही शिक्षकच आहे. त्याच्याकडे प्रमाणपत्रं आहेत, लॅमिनेशन केलेली.)

दिवाळी तोंडावर आली तेव्हा वरून एक क्रांतिकारक सूचना निघाली: प्रशिक्षणात शेवटच्या दिवशी एक खरंखुरं बालक वापरून पाहावं. बालक आणायचं कुणी, तर अर्थातच खंडेरावांनी. ते सोमीला घेऊन आले. एवीतेवी तिचं शिकणं राहिलंच होतं. तज्ज्ञांच्या हातून चार अक्षरं पडली तर पडली, असा त्यांचा भाबडा हिशेब होता.

तज्ज्ञ मार्गदर्शक होते दिनानाथ पाटणकरसाहेब. त्यांना वर्गावर शिकवण्याचा दांडगा अनुभव होता, फक्त वर्गात मुलं असण्याचा नव्हता. मार्गदर्शिकेत पाहून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "बाळ, तुला शाळेत कोण शिकवतं?"

अपेक्षित उत्तर पुढेच छापलेलं होतं: 'आमचे गुरुजी.'

सोमी म्हणाली, "कोन नाय. गुर्जी त हितंच असतात ना!"

सभागृह खदखदून हसलं. खंडेरावही हसले, कारण सगळे हसतात तेव्हा हसावं हे पहिलीत शिकवलेलं असतं. साहेबांनी मात्र चष्मा काढून गंभीरपणे निष्कर्ष नोंदवला. 'बालक अप्रशिक्षित आहे. बालकांसाठी पूर्वतयारी वर्ग घेतल्याखेरीज त्यांना प्रशिक्षणात आणू नये.' मग ते म्हणाले, "खंडेराव, तुम्ही बसा."

सोमीला कोपऱ्यात खुर्ची मिळाली आणि तिच्या जागी खंडेराव मांडी घालून बसले. साहेबांनी 'कमळ'चं कार्ड वर धरलं. खंडेरावांनी छताकडे पाहिलं, बोट तोंडात घातलं आणि म्हटलं, "कलम." साहेबांनी प्रेमाने चूक सुधारली. खंडेराव पुन्हा चुकले. त्या दिवशी ते इतके सुंदर चुकले की मागच्या रांगेतून टाळ्या पडल्या.

पाठ संपल्यावर सोमी त्यांच्याजवळ आली. तिचा चेहरा अगदी हळवा झाला होता.

"गुर्जी, तुमाला पन वाचता नाय येत?" तिने हळूच विचारलं. "आमाला कवा बोलला नाय तुमी. मंग तुमी शिका आदी. माजं राहू द्या."

खंडेरावांनी तोंड उघडलं. 'मला वाचता येतं गं. पण तुला शिकवायच्या वेळी मी इथे येऊन वाचता येत नसल्याचं सोंग करतो,' एवढंच सांगायचं होतं. वाक्य मनातल्या मनात एकदा म्हणून पाहिल्यावर त्यांना कळलं, की त्यापेक्षा अडाणी असलेलं बरं. त्यांनी तोंड मिटलं. आयुष्यात इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

पाड्यावर बातमी पसरली, आणि पाड्याने गुरुजींना फार समजुतीने घेतलं. कुणी टोचून बोललं नाही. उलट जिवल्या म्हणाला, "म्हातारपनी शिकतात, हिंमत लागते." नवसीने शब्दाची आठवण एकदाही काढली नाही. ज्याच्यापाशी नाही त्याच्याकडे मागायचं कसं?

दिवाळीनंतर जिल्हा पातळीवरच्या शिबिरासाठी खंडेरावांची 'बालक' म्हणून निवड झाली. शिबिराला निघाले तेव्हा बोईसरच्या स्टँडवर त्यांना नवसी आणि सोमी दिसल्या. सोबत गाठोडी होती, नवरा होता, आणि मागे एकटी ठेवता येत नाही म्हणून बळेबळे आणलेली म्हातारीही होती. तिने सोमीचा हात घट्ट धरला होता. एक लाल गाडी धुरळा उडवत येऊन थांबली. खंडेराव धावत पुढे झाले, पाटी वाचली आणि ओरडले, "नवसी, हीच गाडी! भिवंडी! चढा!"

नवसीने त्यांच्याकडे मायेने पाहिलं. "व्हय गुर्जी," ती म्हणाली, आणि वळून शेंगदाणेवाल्याला विचारलं, "दादा, ही कुटं जाते?"

"भिवंडी जाएगी, बैठो जल्दी," तो म्हणाला.

मग ते सगळे चढले. गाडी हलली तशी सोमीने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. तिला आनंद आवरत नव्हता.

"गुर्जी, बरोबर वाचलं तुमी! शाबास!"

वाचक हो, ही हकिकत तुम्ही इथवर वाचलीत, सभागृह हसलं तिथे बहुधा तुम्हीही हसलात. सोमीला ती वाचता येणार नाही, त्यामुळे हसण्याची जबाबदारी तुमच्यावरच होती. पण तुम्हाला वाचता येतं याचा अर्थ तुमच्या लहानपणी तुमचे गुरुजी रोज वर्गात हजर होते. खात्याच्या दृष्टीने ही बाब गंभीर आहे. त्यांचं नाव आणि शाळा ताबडतोब कळवावी. ते हयात असल्यास त्यांच्याकडून खुलासा मागवण्यात येईल.