चौथा रकाना

दुपारचा शेवटचा पेशंट गाल धरून जिना उतरला आणि धाकट्या डॉक्टरांनी ताईंच्या टेबलावरची तिन्ही रजिस्टरं उचलून स्टुलावर ठेवली. मोकळ्या जागेवर त्यांनी लॅपटॉप मांडला. गेल्या एकतीस वर्षांत ती रजिस्टरं धूळ पुसण्यापलीकडे कशासाठी हलली नव्हती.

दातांच्या त्या दवाखान्यात ताई पहिल्या दिवसापासून होत्या. वेळा देणं, रजिस्टर लिहिणं, औजारं उकळणं आणि घाबरलेल्यांचा हात धरणं ही त्यांची कामं. आता डॉक्टर निवृत्त होणार होते आणि त्यांची पुतणी दवाखाना चालवणार होती. तीच धाकटी डॉक्टर. आठवड्यापूर्वी तिने काकांना सांगितलेलं ताईंनी औजारं पुसता पुसता ऐकलं होतं. "काका, ताईंना कॉम्प्युटर जमला तर त्या राहतील. नाही जमला, तर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल."

"हे बघा ताई," धाकट्या डॉक्टर म्हणाल्या, "काकांच्या निरोपाची पत्रं पाठवायचीत. पेशंट दोनशे बारा. हाताने लिहीत बसायचं नाही. हा पत्राचा साचा, आणि हा तक्ता. तक्त्यात तुम्ही फक्त माहिती भरा. पहिल्या रकान्यात नाव, दुसऱ्यात पत्ता, तिसऱ्यात किती वर्षं येतात ते, आणि चौथ्यात त्यांनी दवाखान्यासाठी काय केलं ते. सॉफ्टवेअर ज्याचं त्याचं उचलून ज्याच्या त्याच्या पत्रात बसवतं आणि छापून देतं."

"आणि चुकलं तर?"

"ते चुकत नाही, ताई. सांगितलं तेवढंच करतं."

ताईंना ते आवडलं. त्या स्वतःही तशाच होत्या.

साचा धाकट्या डॉक्टरांनीच लिहिला होता. 'आपण इतकी वर्षं आमच्याकडे येत आहात. या काळात आपली एक गोष्ट आम्ही कधीही विसरलो नाही. ती म्हणजे,' आणि पुढे चौथा रकाना. मग 'त्याबद्दल मनःपूर्वक आभार. रविवारी सकाळी दहाला निरोपाच्या भेटीस अवश्य यावे.'

तीन आठवडे ताई एका बोटाने टाइप करत राहिल्या. रजिस्टरात आभाराचा रकाना होताच. कोणी बाकासाठी उशा दिल्या, कोणी नळ दुरुस्त केला, कोणी तीन शेजाऱ्यांना पाठवलं, सगळं तारखेसह. तक्ता पुरा झाल्यावर त्यांनी एक पत्र छापून पाहिलं. अगदी ठाकठीक. धाकट्या डॉक्टर म्हणाल्या, "वा, ताई! जमलं की!"

इथेच थांबायला हवं होतं. पण तक्ता बंद करताना ताईंची नजर रजिस्टरावर गेली आणि त्यांच्या मनाला टोचणी लागली. रजिस्टरात रकाने पाच होते, तक्त्यात चारच. वर्षं आणि आभार यांच्यामधला 'सावधान' हा रकाना राहिला होता. पेशंटच्या तोंडात हात असताना डॉक्टर तुटक काहीतरी पुटपुटत आणि ताई ते त्या रकान्यात टिपून ठेवत, म्हणजे पुढच्या खेपेला तयारीत राहता येई. नव्या डॉक्टरीणबाईंना तर हाच रकाना सगळ्यात गरजेचा. शिवाय पाचातले चारच उतरवले, तर अर्धवट काम केलं असं म्हणायला कोणीही मोकळं. ताईंनी आणखी चार दिवस घालवले आणि तो रकाना रजिस्टरात जिथे होता तिथेच, म्हणजे चौथ्या जागी, घुसवला. आभार सरकून पाचवा झाला.

सॉफ्टवेअरला चौथा रकाना सांगितलेला होता. त्याने चौथा उचलला.

छापून झाल्यावर ताईंनी सगळ्यात वरचं पत्र शांतपणे वाचलं. ते पोस्टमास्तरांचं होतं. 'ती म्हणजे, वेळेच्या दहा मिनिटं आधीच येऊन बसतात. त्याबद्दल मनःपूर्वक आभार.' छान वाटलं वाचायला. ताईंनी दोनशे बारा पाकिटं चिकटवली आणि बुधवारी पेटीत टाकली.

शनिवारी सकाळी पहिला फोन आला तो व्यायामशाळेच्या मालकांचा. आवाज इतका मोठा की ताईंनी रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरला.

"ताई, हे काय पाठवलंय तुम्ही? 'ती म्हणजे, सुई दिसली की चक्कर येऊन पडतात. खुर्चीशेजारी गादी टाकून ठेवावी. त्याबद्दल मनःपूर्वक आभार'? माझ्या बायकोने मोठ्याने वाचलं हो! पोरांसमोर!"

ताईंनी फोन ठेवला, तक्ता उघडला आणि चौथ्या रकान्यावर बोट ठेवलं. पत्रं त्यांच्या डोळ्यांपुढे एकेक करून उघडू लागली. मुख्याध्यापकांना गेलं होतं, 'चावतात, आणि वर आपल्यालाच रागावतात.' वकिलांना, 'भूल दिली तरी बाजू मांडत राहतात.' आणि कोपऱ्यावरच्या फोटोग्राफरला, 'रोज दोनदा दात घासतो म्हणतात. विश्वास ठेवू नये.' प्रत्येकाच्या शेवटी मनःपूर्वक आभार.

दुपारपर्यंत एकोणीस फोन आले. ताईंनी आलेल्या प्रत्येकाची वहीत नोंद केली, कारण काही झालं तरी नोंद राहायला हवी. मग त्या आत गेल्या.

"डॉक्टर, माझ्या हातून फार मोठी चूक झालीय." त्यांनी सगळं सांगितलं. रकाना घुसवल्याचंही.

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मुख्याध्यापकांना चावतात म्हणून कळवलं?"

"हो."

"बरं झालं. मला कधी धीर झाला नाही."

धाकट्या डॉक्टर मात्र हसल्या नाहीत. त्या तक्ता खालपासून वरपर्यंत वाचत राहिल्या आणि इतकंच म्हणाल्या, "उद्या बघू, ताई." ते 'उद्या बघू' घेऊन ताई घरी गेल्या.

रविवारी चाळीसेक माणसं येतील असा अंदाज होता. दहाच्या आत बाक भरले, मग जिना भरला, मग लोक खाली फुटपाथवर उभे राहिले. ताईंनी मोजले, एकशे अठ्ठावन्न. आणि प्रत्येकाच्या हातात पत्र. ताई औजारांच्या कपाटाआड उभ्या राहिल्या. तिथून बाहेर पडायला एकच दार होतं आणि त्यात व्यायामशाळेचे मालक उभे होते.

"ताई, एक विचारू? ती गादी खरंच टाकायचात?"

"चौदा वर्षं. माझ्या जुन्या पलंगाची आहे. तुमचं नाव पुकारलं की खाली सरकवायची आणि शुद्धीवर आलात की काढून घ्यायची."

मालकांनी मान खाजवली. "मला वाटायचं, पडूनसुद्धा लागत नाही, म्हणजे अंगच तसं आहे आपलं." त्यांनी दोन्ही हात जोडले. "आणि एका शब्दाने बोलला नाहीत कधी."

"चारचौघात कशाला बोलायचं?" ताई म्हणाल्या, आणि पत्र आठवून त्यांनी जीभ चावली.

तोवर बाहेर लोकांनी आपापली पत्रं वाचून दाखवायला सुरुवात केली होती. वकील स्वतःच्या पत्रावर स्वतःची बाजू मांडत होते. मुख्याध्यापक म्हणाले, "आरोप खरा आहे. पण पहिल्यांदा चावलो तेव्हा डॉक्टरांचाच अंगठा उगाच मध्ये आला होता." डॉक्टरांनी अंगठा वर करून सगळ्यांना दाखवला. हशा जिन्यावरून फुटपाथपर्यंत गेला.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत शिलाई दुकानवाल्या बाई पुढे आल्या. त्या हसत नव्हत्या.

"ताई, माझ्या पत्रात नुसती आडवी रेघ आहे. 'एक गोष्ट आम्ही कधीही विसरलो नाही, ती म्हणजे' आणि पुढे रेघ! एकवीस वर्षं येतेय मी. सगळ्यांचं काही ना काही लक्षात आहे तुमच्या. माझं काहीच नाही?"

"अहो, तसं नाही." ताई कपाटाआडून पुढे आल्या. "रेघ म्हणजे त्रास नाही. दोनशे बारांत रेघ तुमची एकटीचीच आहे."

"म्हणजे मी चावायला हवं होतं?"

धाकट्या डॉक्टरांनी लॅपटॉप उघडून ताईंपुढे सरकवला. "ताई, पाचवा वाचा."

ताईंनी तक्ता सरकवला आणि वाचलं. "'आपली पाळी येईपर्यंत डॉक्टरांच्या कोटाची बटणं शिवून दिली. नऊ वेळा. एकदा स्वतःची दाढ ठणकत असताना.'"

शिलाईवाल्या बाईंनी पदराचं टोक डोळ्यांना लावलं आणि डॉक्टरांच्या कोटाकडे पाहून म्हणाल्या, "वरचं पुन्हा सैल झालंय."

मग प्रत्येकालाच आपला पाचवा हवा झाला. रांग लागली. ताई वाचत गेल्या. कोणी पंखा दुरुस्त केला होता, कोणी रडणाऱ्या पोराला गोष्ट सांगितली होती. फोटोग्राफरने बाहेरच्या पाटीचं पडलेलं अक्षर न सांगता बसवून दिलं होतं. सगळं तारखेसह. दीड वाजला तरी लोक हलेनात, आणि डॉक्टरांनी तयार केलेलं निरोपाचं भाषण खिशातच राहिलं. ते म्हणाले, ताईंनी वाचलं त्यात सगळं आलं.

सगळे पेशंट गेल्यावर ताई आपल्या खुर्चीत बसल्या आणि जे मनात होतं ते विचारून टाकलं. "मग उद्यापासून मी यायचं की नाही?"

"मी काल तक्ता वाचला," धाकट्या डॉक्टर म्हणाल्या. "तुमचा चौथा रकाना नसता, तर उद्या सकाळी साडेनवाला मुख्याध्यापक मला चावले असते." त्यांनी बटण दाबलं. छपाईयंत्राने घरघर केली आणि एक पत्र बाहेर ढकललं.

ताईंनी ते वाचलं. 'आपण एकतीस वर्षं आमच्याकडे येत आहात. या काळात आपली एक गोष्ट आम्ही कधीही विसरलो नाही. ती म्हणजे, एकही रकाना रिकामा सोडत नाहीत. यांच्यावाचून दवाखाना उघडू नये. त्याबद्दल मनःपूर्वक आभार.'

ताईंनी ते दोनदा वाचलं. चष्म्यावर वाफ धरली होती, ती पुसली. मग पेन काढलं, स्टुलावरचं तिसरं रजिस्टर मांडीवर घेतलं आणि शेवटच्या पानावर दोनशे तेरावी ओळ आखली. नाव, पत्ता, वर्षं लिहिली. 'सावधान' पत्रावरून जसंच्या तसं उतरवलं.

पाचव्या रकान्याशी पेन थांबलं.

"डॉक्टर," त्यांनी आत हाक मारली, "माझ्या आभारात काय लिहू?"

"रेघ मारू नका," आतून आवाज आला. "जागा जास्त लागेल. नवीन रजिस्टर काढा."