अस्वलरावांच्या नंबरातला गोल

एका जंगलात फुटसालचं नवं खूळ आलं, तेव्हाची ही गोष्ट. फुटसाल म्हणजे छोट्या मैदानातला पाच-पाच जणांचा फुटबॉल. मुलांनो, मधे बोलू नका, हाताची घडी घाला.

आजूबाजूच्या जंगलांनी मिळून स्पर्धा भरवली. प्रत्येक जंगलाकडे झेंडा होता, म्हणून प्रत्येकाचा संघ राष्ट्रीय होता.

आपल्या जंगलाच्या संघात झिपरी नावाची खार होती. चेंडू तिच्या पायांशी पाळलेल्या पिल्लासारखा राही. तिला एकच ध्यास होता. जंगलासाठी एक गोल करायचा आणि तो आपल्या नावावर लागलेला ऐकायचा.

संघ निवडणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते रेडेसाहेब. खेळाडू कितीही वेळा बदलता येतात, हा नियम वाचून त्यांचे डोळे पाणावले. आजवर संघ निवडला की अर्धं जंगल रुसून बसे.

"आता कुणाला नाराज करायला नको," ते म्हणाले. "आळीपाळीने सगळेच राष्ट्रीय खेळाडू."

झालं. मेहुणे, भाचे, भाच्यांचे शिकवणीचे मास्तर, सगळे रांगेत उभे राहिले. अंतिम सामन्यात झिपरी मैदानात कमी आणि रांगेतच जास्त होती. तरी समोरच्या हरणांना गोल करता येईना, कारण आपल्या गोलात गेंडा होता. त्याला बदलायचं तर आधी ओढून काढावं लागलं असतं.

शेवटच्या मिनिटाला चेंडू झिपरीकडे आला. समोर एकटा गोलरक्षक.

"झिपरे, बाहेर ये," रेडेसाहेबांनी हाक मारली. "आमच्या मेहुण्यांचा नंबर आला." मेहुणे म्हणजे अस्वलराव. रेड्याचा मेहुणा अस्वल कसा, हे विचारू नका. समितीत चालतं.

"साहेब, एवढा एक फटका मारते."

"अगं, रांगेला काही मान आहे की नाही?"

झिपरीने ऐकलं नाही. चेंडू थेट जाळ्यात गेला. जंगल जिंकलं.

सत्काराच्या वेळी रेडेसाहेबांनी नाव पुकारलं, "विजयी गोल, अस्वलराव."

झिपरी उभी राहिली. "पण साहेब, मारला मी."

"मारलास तू," रेडेसाहेब मायेने म्हणाले, "पण नंबर त्यांचा चालू होता. त्यांच्या नंबरात घुसलीस, तरी ते काही बोलले का?"

अस्वलरावांनी मोठ्या मनाने तिला माफ केलं. टाळ्या पडल्या. झिपरीला फार वाईट वाटलं. अस्वलरावांच्या गळ्यात हार मात्र तिलाच घालावा लागला, कारण तेवढ्या उंच मानेपर्यंत चढणं दुसऱ्या कुणाला जमेना.

तात्पर्य : मुलांनो, कष्टाचं फळ मिळतंच. कुणाला, ते विचारायचं नसतं.