सावली राहिलीय

नव्या गाडीच्या टपावर पक्ष्यांनी पुन्हा घाण केली आणि साहेबांनी अंगणातलं झाड तोडायचं ठरवलं. साहेब म्हणजे घरातला कर्ता मुलगा. कचेरीत त्यांना कुणी साहेब म्हणत नसे, म्हणून घरात म्हणावं लागे. झाड वडिलांनी लावलेलं होतं.

"मी दुपारी बसू कुठं?" वडिलांनी विचारलं. पत्र्याच्या खोलीत त्यांचा जीव घाबरा व्हायचा.

"पंखा दिलाय ना, बाबा."

"तो गरम हवाच फिरवतो रे."

पण गाडीपुढे बापाचं कोण ऐकतो? झाडं तोडणारा आला, झाड आडवं केलं, टेम्पोत भरून घेऊन गेला. अंगण मोकळं झालं. सावली मात्र तिथंच राहिली.

वर रखरखीत आभाळ आणि खाली पानापानांची गार सावली. वारा पडलेला, तरी ती हलत होती. वडील खुर्ची टाकून तिच्यात बसलेसुद्धा.

साहेबांनी घाबरून फोन लावला. "अहो, सावली राहिलीय इथं."

"आपलं बोलणं झाडाचं झालं होतं," पलीकडून उत्तर आलं आणि फोन बंद.

"असू द्या की," बायको म्हणाली. "घाण नाही, पाला नाही. गाडी लावा तिच्यात."

हे पटलं. साहेबांनी गाडी सावलीत घेतली. सावली सरकली. गाडी पुढे, तर ती मागे. गाडी मागे, तर ती पुढे. वडिलांची खुर्ची मात्र तिनं एकदाही उन्हात सोडली नाही.

"बाबा, तिला सांगा ना."

"माझं तू तरी कुठं ऐकलंस?"

एव्हाना घराची भट्टी झाली होती. बायकोही भाजी निवडायला सावलीत जाऊन बसली. साहेबांना गरगरायला लागलं. गाडी तशीच सोडून ते सावलीकडे धावले. चिखलातून जाताना कपडे सावरावेत, तशी सावलीनं आपली कड उचलून घेतली.

"तुमच्या वाऱ्याला उभी राहायची नाही ती," बायको शेंग मोडत म्हणाली.

"चुकलं माझं," साहेब पुटपुटले आणि त्यांनी मान खाली घातली. ऊन तळपत होतं, पण पायाशी काहीच नव्हतं.

त्यांची स्वतःची सावली वडिलांच्या खुर्चीशेजारी पाय पसरून बसली होती.

"बस रे बाळा," वडील तिला म्हणत होते, "दमलास."